रिव्हर्ब पेडल: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गिटारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात गिटार वाजवणारे काही कमी नाहीत. कॅम्पातल्या चर्चमध्ये गिटार आहे, टिळकवाडीतल्या क्लासमध्ये आहे, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आहे आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही आहे. पण चार-पाच रिव्हर्ब पेडलं, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमारा देणारे, पायाने चालू-बंद करायचे छोटे डबे, शेजारी-शेजारी ठेवून, आपल्याच गिटारवर वाजवून बघण्याची सोय इथे सहज मिळत नाही. मग व्हिडिओ बघून खरेदी होते. व्हिडिओतला आवाज कुणाच्या तरी उत्तम खोलीत, उत्तम अॅम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर) काढलेला असतो आणि आपण तो मोबाइलवर ऐकतो. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

रिव्हर्ब आणि डिले यांत फरक काय? दोन्ही घुमतातच की.

विजापूरचा गोल घुमट बघितला असेल तर अर्धं उत्तर तुमच्याकडे आहे. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती समोरून परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि प्रत्येक फेरी वेगळी ऐकू येते. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ७६ मीटरला ०.२२ सेकंद लागतात. एवढी फट कानाला स्वच्छ कळते. डिले पेडल हेच करतं. आवाजाची नक्कल ठरावीक वेळाने, मोजता येईल अशी परत देतं.

रिव्हर्बमध्ये परत येणारे आवाज इतके दाट असतात की एकेक सुटा करता येत नाही. भिंत, छत, फरशी, कपाट अशा सगळ्यांवरून थोड्या-थोड्या वेळाने आलेले हजारो पडसाद एकमेकांत मिसळतात आणि सुराला एक शेपूट फुटतं. हे शेपूट ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, त्याला त्या जागेचा रिव्हर्ब टाइम म्हणतात. पेडलवरचा ‘डिके’ किंवा ‘टाइम’ हा नॉब ढोबळमानाने तोच वेळ कमी-जास्त करतो.

आमच्या नव्या घरात टाळी वाजवली तरी खोली घुमते. मग पेडलवर पैसे कशाला घालू?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. आधी घराबद्दल बोलू.

शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत जाड मातीच्या भिंती, वर कौलं, लाकडी माळा आणि माळ्यावर पिढ्यान् पिढ्यांचं सामान असतं. अशा खोलीत आवाज टिकत नाही. काही कौलांच्या फटींतून निघून जातो, काही सामान पिऊन टाकतं. उलट गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या स्लॅबच्या घरांत गुळगुळीत प्लास्टर, चकचकीत फरशी आणि मोठ्या काचा असतात. तिथे आवाजाला जायला जागाच नाही.

हे मोजायचं साधं सूत्र वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं. खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच रिकामी खोली घ्या. घनफळ सुमारे ३४ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून सुमारे ६३ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी आवाजाचा जेमतेम वीसावा हिस्सा शोषतात असं धरलं तर रिव्हर्ब टाइम १.७ सेकंदांच्या घरात येतो. एवढ्याशा खोलीला हे फार झालं. त्यात गादी, जाड पडदे, कपड्यांचं उघडं रॅक आणि पुस्तकं आली, शोषण साडेतीन पट झालं, की तोच वेळ अर्ध्या सेकंदावर उतरतो. रेकॉर्डिंगला तो चालतो.

आता पेडलचं. तुमच्या खोलीचं घुमणं फक्त माइकमध्ये जातं. अकूस्टिक गिटार माइकसमोर वाजवत असाल तर आधी खोली शांत करा. वाईट खोलीवर चांगला रिव्हर्ब चढवला तरी खालची खोली ऐकू येतच राहते. पण इलेक्ट्रिक गिटारची केबल थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटारचा आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याला) लावली तर खोलीचा आणि रेकॉर्डिंगचा काहीच संबंध उरत नाही. तो आवाज हाडासारखा कोरडा येतो आणि हेडफोनमध्ये अंगावर येतो. खरी गरज तिथे आहे.

म्हणून पेडल निवडण्याआधी एकच ठरवा: हा आवाज शेवटी कुठे ऐकला जाणार? हेडफोनमध्ये, घरच्या अॅम्पवर, की हॉलमध्ये माणसांसमोर? पुढची बरीच उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

स्प्रिंग, प्लेट, हॉल, रूम… पेडलवर एवढे प्रकार असतात. खरंच इतके लागतात का?

बहुतेकांना दोन पुरतात, तिसरा कधीमधी लागतो. पण प्रत्येकामागे एक खरी वस्तू किंवा खरी जागा आहे. ती माहीत असली की कान लवकर तयार होतो.

स्प्रिंग म्हणजे खरोखरच पत्र्याच्या पेटीत ताणलेल्या स्प्रिंगा. एका टोकाला आवाज दिला की तो स्प्रिंगेतून थरथरत दुसऱ्या टोकाला पोचतो. हॅमंड कंपनीने ऑर्गनसाठी वापरलेली ही युक्ती फेंडरने १९६१ मध्ये वेगळ्या पेटीतून गिटारवाल्यांना दिली आणि १९६३ पासून थेट अॅम्पमध्ये बसवली. असा अॅम्प हलवताना धक्का लागला तर आत ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. स्प्रिंगचा आवाज थोडा ‘टपटप’ करणारा आणि मधल्या पट्टीत गजबजलेला असतो. क्लीन गिटार, जुनी हिंदी गाणी, स्लाइड यांना तो चपखल बसतो.

प्लेट म्हणजे पोलादी पत्रा. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने ईएमटी १४० बाजारात आणलं. मोठ्या चौकटीत टांगलेला पातळ पत्रा, त्याला थरथर देणारं एक यंत्र आणि थरथर पकडणारे पिकअप. सगळं मिळून वजन सुमारे २७० किलो. त्याआधी स्टुडिओवाले खरीच खोली वापरत. शिकागोत बिल पटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या स्वच्छतागृहात स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा मिळवला होता. प्लेटचा आवाज दाट, उजळ आणि गुळगुळीत असतो. त्यात खोलीचा आकार जाणवत नाही. सोलो गिटार आणि गाणाऱ्याचा गळा या दोन्हींना तो मानवतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने एकच प्रकार निवडायचा झाला तर मी प्लेट सांगेन.

रूम सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. त्यात शेपूट छोटं असतं, म्हणून दुकानात वाजवून बघताना कुणावर छाप पडत नाही. पण केबल थेट इंटरफेसला लावलेली गिटार माणसाच्या खोलीत आणून बसवायला हाच लागतो. हॉल लांब आणि मऊ असतो. संथ, मोकळ्या जागा असलेल्या वाजवण्याला तो ठीक, भरगच्च कॉर्डवर मात्र चिखल होतो.

शिमरमध्ये रिव्हर्बच्या शेपटाचा सूर एक सप्तक वर नेऊन पुन्हा रिव्हर्बमध्येच घालतात. ऐंशीच्या दशकात ब्रायन ईनो आणि डॅनिएल लॅन्वा यांनी तो लोकप्रिय केला. चर्चच्या प्रार्थनासंगीतात आज तो सर्रास ऐकू येतो. पहिला आठवडा तुम्ही फक्त शिमरच वाजवाल, घरचे कंटाळतील, आणि मग तो नॉब तिकडे वळणार नाही.

बाजारातल्या पेडलांची तुलना करून सांगा. कोणतं घेऊ?

किमती सतत हलत असतात, म्हणून आकडे देत नाही. तीन पायऱ्या धरू.

खालच्या पायरीवर बेरिंगरचं डीआर६००, टीसी इलेक्ट्रॉनिकचं स्कायसर्फर, मूअरचं शिमव्हर्ब आणि नक्सची छोटी पेडलं येतात. डीआर६०० मध्ये सहा प्रकार आहेत आणि स्टिरिओही (डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज) आहे. एवढ्या पैशांत एवढं कुणी देत नाही. पण अंग प्लास्टिकचं आहे. घरी टेबलावर ठेवून वापरणार असाल तर काही बिघडत नाही. रोज पाय द्यायचा असेल, किंवा टेम्पोत स्पीकरच्या ढिगाऱ्यात टाकून न्यायचं असेल, तर विचार करा. स्कायसर्फर धातूच्या अंगाचं आहे. स्प्रिंग, प्लेट आणि हॉल एवढंच देतं, आणि मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) आहे. नवशिक्याला मी डोळे मिटून हेच सुचवतो. तीन प्रकार, तीन नॉब, गोंधळायला वावच नाही.

मधल्या पायरीवर खरी चुरस आहे. बॉसचं आरव्ही-६ हे २०१५ पासून आहे. १९८७ मध्ये आलेल्या आरव्ही-२ पासून चालत आलेलं हे घराणं. आठ प्रकार, स्टिरिओ इन आणि स्टिरिओ आउट, पायाने खाली-वर करून रिव्हर्ब कमी-जास्त करायचं एक्स्प्रेशन पेडल जोडायची सोय. टाकीसारखं अंग हा बॉसचा लौकिक इथेही खरा ठरतो. टीसीचं हॉल ऑफ फेम २ हे २०१७ चं. यात आठ प्रकार आहेत, शिवाय टोनप्रिंटसाठी तीन जागा. कंपनीच्या अॅपमधून नवा आवाज निवडायचा, मोबाइलचा स्पीकर गिटारच्या पिकअपजवळ धरायचा, आणि तो आवाज केबलमधून पेडलमध्ये उतरतो. बघायला गंमत वाटते, आणि चालतंही. याचं फूटस्विच दाब ओळखतं. पाय दाबून धरला की रिव्हर्ब वाढवता येतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं ओशन्स ११ नावाप्रमाणे अकरा प्रकार देतं, त्यात उलटा रिव्हर्ब, ट्रेमोलोसह रिव्हर्ब असली विचित्र पण मजेशीर मंडळीही आहेत. मात्र ते मोनो आहे.

या तिघांत माझा कौल असा: बँडमध्ये, लाइव्ह वाजवणाऱ्याने आरव्ही-६ घ्यावं. नॉब कुठेही ठेवले तरी त्यातून भलतंच काही निघत नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने हॉल ऑफ फेम २ घ्यावं, कारण टोनप्रिंटच्या अॅपमध्ये नॉबवर नसलेल्या गोष्टीही बदलता येतात. प्रयोगांची हौस असेल तर ओशन्स ११.

झूमचं एमएस-७० सीडीआर हे वेगळं प्रकरण आहे. कोरस, डिले आणि रिव्हर्ब एकाच छोट्या डब्यात, एका वेळी सहापर्यंत इफेक्ट. पडदा लहान, मेनूत शिरून बसावं लागतं. स्टेजवर ते वैताग आणतं, पण टेबलावर बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला एका पेडलच्या पैशांत तीन पेडलं मिळतात.

वरच्या पायरीवर स्ट्रायमनची ब्लूस्काय आणि बिगस्काय, इव्हेंटाइडचं स्पेस, युनिव्हर्सल ऑडिओचं गोल्डन. बिगस्कायमध्ये बारा प्रकार आणि तीनशे प्रीसेट आहेत. गोल्डन स्प्रिंग, प्लेट आणि जुना डिजिटल हॉल या तिघांच्याच हुबेहूब नकलांवर भर देतं. ही पेडलं सुंदर वाजतात, त्यात शंका नाही. पण ज्याच्याकडे अजून बरा इंटरफेस नाही, बऱ्या तारा नाहीत, त्याने इकडे बघू नये. आणि हो, युनिव्हर्सल ऑडिओच्या पेडलला किमान ४०० मिलिअँपिअर वीज लागते, म्हणजे पेडलमागोमाग पॉवर सप्लायचाही खर्च येतो.

महाग पेडलमधली चिप वेगळी असते म्हणून आवाज चांगला येतो, हे खरं का?

अर्धवट खरं आहे. लहान कंपन्यांच्या बऱ्याच पेडलांमध्ये स्पिन सेमिकंडक्टरची एफव्ही-१ हीच चिप असते, मग पेडल स्वस्त असो की हाताने बनवलेलं महागडं. फरक पडतो तो तिच्यावर लिहिलेल्या प्रोग्रॅमचा आणि भोवतालच्या सर्किटचा. ही चिप सहसा सुमारे ३२ किलोहर्ट्झवर चालवतात, म्हणून १६ किलोहर्ट्झच्या वरचं काही ती देऊ शकत नाही. कागदावर हे कमी वाटतं. पण गिटार अॅम्पचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे तसाही मान टाकतो, तेव्हा गिटारवर हा फरक शोधून सापडत नाही. गळ्यासाठी किंवा अकूस्टिकसाठी तेच पेडल वापरलं तर मात्र शेपूट किंचित मंद वाटेल.

स्टिरिओ पेडल घ्यावं का?

घरी रेकॉर्डिंग करत असाल आणि इंटरफेसला दोन इनपुट असतील तर घ्या. रिव्हर्बचं रुंदपण हेडफोनमध्ये जेवढं खुलतं तेवढं कुठेच नाही. फक्त एका अॅम्पवर वाजवणार असाल तर त्याचे पैसे देऊ नका.

पेडलांच्या रांगेत रिव्हर्ब कुठे लावायचं?

शेवटी. गिटारनंतर ट्यूनर, वा-वा पेडल, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), मग कोरससारखी मंडळी, मग डिले, मग रिव्हर्ब. कारण साधं आहे. रिव्हर्बनंतर ओव्हरड्राइव्ह लावलं तर शेपूटही फाटतं आणि प्रत्येक सूर एकमेकांत घुसतो. कुणी मुद्दाम तसं करतात, तो वेगळा छंद.

अॅम्पमधलंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर पेडल पुढे न लावता अॅम्पच्या मागच्या ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’मध्ये लावा. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं पेडल) असेल तर ते रिव्हर्बच्या आधी हवं. नंतर लावलं तर शेपूट मध्येच छाटलं जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं केबल सैल आहे.

माझ्या अॅम्पमध्ये रिव्हर्ब आहेच. तरी पेडल लागेल का?

नाही. आधी तोच नीट वापरून कंटाळा येऊ द्या.

रेकॉर्डिंग करताना रिव्हर्ब लावूनच रेकॉर्ड करू, की ड्राय (रिव्हर्बशिवाय, कोरडा) करून नंतर घालू?

सगळ्यांत जास्त वाद इथे होतो, आणि दोन्ही बाजूंचं थोडं-थोडं खरं आहे.

लावून रेकॉर्ड केलेला रिव्हर्ब काढता येत नाही. घरी, रात्री, हेडफोन लावून तुम्ही जेवढा ठेवता तेवढा सकाळी स्पीकरवर ऐकताना हमखास जास्त वाटतो. हेडफोनमध्ये खोली नसते, म्हणून कान अधिक मागतात. पुढे त्याच गाण्यावर मित्राने पेटी वाजवली, बहिणीने गायलं, की गिटारचं हे धुकं सगळ्यांच्या अंगावर येतं. म्हणून नियम असा की ड्राय आवाज कुठेतरी साठवलेला हवाच.

पण वाजवणाऱ्याच्या कानात रिव्हर्ब नसेल तर तो वेगळंच वाजवतो. कोरड्या आवाजात सूर लांबवायचा धीर होत नाही, मधल्या जागा भरून काढल्या जातात. संथ चीज असेल तर हा फरक फारच जाणवतो.

दोन्ही साधायचा मार्ग आहे. इंटरफेसला दोन इनपुट असतील तर स्प्लिटरने गिटारचे दोन रस्ते करा. एक सरळ पहिल्या इनपुटला जाऊ द्या, त्याचं ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण चालू ठेवून. दुसरा पेडलमधून दुसऱ्या इनपुटला. दोन ट्रॅक एकाच वेळी भरा. वाजवताना दुसरा ऐका, मिक्स करताना पहिला मुख्य धरा आणि दुसरा चवीपुरता घाला. पेडलचा ‘मिक्स’ पूर्ण वेटवर (मूळ आवाज नाही, फक्त रिव्हर्ब) नेता येत असेल तर न्या, मग पुढे प्रमाण ठरवणं पूर्ण तुमच्या हातात राहतं.

संगणकाचाच रिव्हर्ब कानात हवा असेल तर बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे देतो तो) बघा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूला सुमारे ५.३ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दुपटीहून जास्त. जलद वाजवणाऱ्याला ते टोचतं. पेडलमध्ये ही अडचण जवळजवळ नाहीच, आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने पेडल घ्यायचं हे माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण आहे.

ड्राय भरलेला ट्रॅक नंतर पेडलमधून फिरवता येतो का?

येतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून ट्रॅक बाहेर काढायचा, पेडलमध्ये द्यायचा आणि पेडलमधून परत इनपुटला घ्यायचा. चार आउटपुट असलेल्या इंटरफेसवर हे सोपं जातं. दोनच असतील तर स्पीकर काढून ठेवून त्यातलं एक वापरा आणि हेडफोनवर ऐका.

दोन गोष्टी सांभाळा. इंटरफेसचा लाइन आउट गिटारपेक्षा कितीतरी जोरात असतो, तेव्हा आउटपुट अगदी खाली ठेवून हळूहळू वाढवा, नाहीतर पेडलच्या आतच आवाज फाटेल. आणि ज्या नव्या ट्रॅकवर परत येणारा आवाज भरताय, तो त्याच आउटपुटला परत जाऊ देऊ नका. गेला तर आवाज गोल-गोल फिरून किंचाळायला लागतो, आणि कानाला हेडफोन असेल तर ते गमतीचं नसतं.

संगणकात फुकट रिव्हर्ब मिळतात. मग पेडल हवंच कशाला?

फक्त मिक्सिंगसाठी विचारत असाल तर नको. वलहॅला सुपरमॅसिव्ह हा संगणकातला रिव्हर्ब फुकट आहे आणि लांबलचक, आकाशी आवाजांना उत्तम आहे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि त्यात रीआव्हर्ब, रीआव्हर्बेट हे दोन रिव्हर्ब आधीच असतात. रीआव्हर्बमध्ये खऱ्या जागेत टिपलेला पडसाद घालता येतो. खानापूरकडच्या एखाद्या जुन्या दगडी देवळात, परवानगी काढून, फुगा फोडून मोबाइलपेक्षा बऱ्या रेकॉर्डरवर तो टिपलात, तर त्या गाभाऱ्याचा घुमारा तुमच्या गिटारला चढवता येईल. असा रिव्हर्ब कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पेडल लागतं ते वाजवण्यासाठी, संगणक बंद असताना.

नॉब कुठे ठेवायचे? काही सुरुवातीचा अंदाज द्या.

मिक्स हळूहळू वाढवत न्या. रिव्हर्ब आहे हे कळायला लागलं की थोडा मागे या. पेडल बंद केल्यावर उणीव भासते पण चालू असताना ते लक्षात येत नाही, ती जागा बरोबर. ताल धरणाऱ्या कॉर्डना एक सेकंदाच्या आतलं शेपूट, सोलोला दीड-दोन सेकंद. टोन नॉब मध्यापेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे शेपूट तारांच्या खणखणाटाशी भांडणार नाही.

प्री-डिले असेल तर २० ते ४० मिलिसेकंद ठेवून बघा. आधी सूर स्पष्ट ऐकू येतो आणि मग घुमारा सुरू होतो, त्यामुळे रिव्हर्ब भरपूर असूनही वाजवणं पुढे राहतं. शेपूट लयीत बसवायचं असेल तर ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, आणि पुढचा कॉर्ड दोन मात्रांनी असेल तर शेपूट १.२ सेकंदांत आटोपलं पाहिजे. मिक्स करताना रिव्हर्बच्या ट्रॅकवर खालचे सूर इक्वलायझरने छाटा. अगदी ३००-४०० हर्ट्झपर्यंत छाटले तरी चालतं. तबला किंवा बास असलेल्या गाण्यात हे केलंच पाहिजे.

मंगल कार्यालयात किंवा गणपतीच्या मंडपात वाजवताना वेगळं काय करायचं?

मंगल कार्यालयात रिव्हर्ब जवळजवळ बंद करा. उघड्या भिंती, ग्रॅनाइटची फरशी, वर पत्रा. तो हॉल स्वतःच दोन-तीन सेकंद घुमत असतो. साउंड चेकच्या वेळी रिकाम्या हॉलमध्ये जसं वाटतं तसं माणसं भरल्यावर राहत नाही, कारण माणसांचे कपडे बराच आवाज पितात. तेव्हा पहिलं गाणं झालं की एकदा नॉबकडे बघा. साउंडवाल्या दादांना आधीच विचारा की मिक्सरवर रिव्हर्ब लावलाय का. दोघांनी लावला तर गिटार तिसऱ्या रांगेच्या पुढे नुसती हवा होऊन पोचते.

मंडप उलटा वागतो. कापडी पडदे, वर मोकळं आकाश, बाजूला रस्ता. तिथे आवाज उडून जातो, म्हणून थोडा जास्त प्लेट किंवा हॉल चालतो. पण शेजारच्या गल्लीत ढोल-ताशा सुरू झाला की कुठलंही पेडल तुम्हाला वाचवू शकत नाही.

अकूस्टिक गिटार, हवाईयन गिटार यांना हीच पेडलं चालतात का?

चालतात. पिकअप असलेल्या अकूस्टिकला रूम किंवा छोटा प्लेट द्या. पिकअपचा आवाज रबरासारखा, खोलीशिवायचा येतो, तो त्याने सुधारतो. पिकअपला बॅटरीचा प्रीअँप नसेल तर आधी गिटारचा सिग्नल दमदार करणारं, बफर असलेलं एक पेडल किंवा डीआय बॉक्स घ्या, नाहीतर आवाज पातळ होईल.

हवाईयन गिटार हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. एका पिढीने त्यावर सिनेमाची गाणी आणि भावगीतं घोटून वाजवली आणि अजूनही काही काका-आजोबांच्या कपाटावर ती सापडते. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवली जाणारी ही गिटार मींड घेते, आणि मींडेला स्प्रिंगचा रिव्हर्ब लागला की वय वीस वर्षांनी कमी होतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं होली ग्रेल नॅनो अशा वेळी छान. मिसळण्याचा एकच नॉब, आणि स्प्रिंग, हॉल, फ्लर्ब (फ्लँजर मिसळलेला रिव्हर्ब) निवडायला एक खटका. काकांना मेनू शिकवावा लागत नाही. फक्त डिके फार वाढेल असं काही देऊ नका. मींड लांब शेपटात पडली की मधल्या श्रुती एकमेकींवर घासून बेसूर वाटतात.

पेडल लावलं की घरघर येते. पेडल खराब आहे का?

बहुधा नाही. डिजिटल पेडल विजेच्या बाबतीत हळवं असतं. नेहमीचा हिशोब असा: ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, आणि पेडलवर लिहिलेत त्यापेक्षा जास्त मिलिअँपिअर देणारा सप्लाय. आरव्ही-६ ला ९५, हॉल ऑफ फेम २ ला १००, बिगस्कायला ३००. मिलिअँपिअर जास्त असले तरी चालतं, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. एकाच अॅडॉप्टरमधून वायरीची माळ करून पाच पेडलं चालवली की डिजिटल पेडलची किणकिण बाकीच्यांत शिरते. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला आयसोलेटेड सप्लाय घेतला की बहुतेकांची तक्रार संपते. पेडलपेक्षा आधी त्यावर पैसे घाला, असं मी चिडचिड झाली तरी सांगेन.

तो लावूनही घरघर राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगचा. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत दोन पिनांचे सॉकेट अजून आहेत, तिथे इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर ट्यूबलाइटपासून आणि मॉनिटरपासून तोंड फिरवून बसा. रिव्हर्ब स्वतः घरघर तयार करत नाही, पण आलेली घरघर पसरवून मोठी करतो.

९ व्होल्टच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका. शंभरेक मिलिअँपिअर खाणाऱ्या पेडलवर ती एका कार्यक्रमापुरती जेमतेम पुरते, आणि लाइट गेली म्हणून बॅटरी लावायची वेळ आली तर अॅम्पही बंदच असणार.

घ्यायचं कुठून? जुनं घेतलं तर?

निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ, खानापूर-लोंढ्याकडच्यांना गोवा, बेळगावकरांना दोन्हीकडे रस्ता खुला. गोव्यात बँड भरपूर, म्हणून जुनी पेडलंही फिरतात. ऑनलाइन घेतलं तर भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. वॉरंटी बिलावर मिळते, आणि ओळखीच्या माणसाने दुबईहून आणलेल्या पेडलला ती नसते.

जुनं घेताना आपली गिटार, आपली केबल आणि आपला सप्लाय घेऊन जा. प्रत्येक नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. फूटस्विच वीस-पंचवीस वेळा दाबा. पेडल बंद असताना आवाज बारीक होतो का बघा. टोनप्रिंटसारखी सोय असेल तर यूएसबीचा सॉकेट सैल नाही ना तेही पाहा. स्टिरिओ असेल तर दोन्ही आउटपुट वेगवेगळे वाजवून बघा, एकच चालणारी पेडलं निम्म्या किमतीत खपवली जातात. पेडलबोर्ड मात्र विकत घेऊ नका. उद्यमबागेत अॅल्युमिनियमची पट्टी कापून, वाकवून देणारी वर्कशॉपं आहेत. माप द्या, खाली रबरी पाय लावायला सांगा.

पावसाळ्यात पेडलं कशी सांभाळायची?

खानापूर-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे पेडलचे सॉकेट काळे पडणारच. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओलसर झाल्या की मंद आचेवर तव्यात गरम करून पुन्हा वापरता येतात. आत बॅटरी असेल तर काढून ठेवा, ती गळली की सर्किट खाते. सॉकेट आणि नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, धूळ धरून बसतं. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून वाजवा, आतली ओल तेवढ्याने निघते.